मुक्काम पोस्ट आखेन

आखेन शहरात रविवारी घरातले कांदे संपले, तर ते आणायला परदेशात जावं लागतं. जर्मनीत रविवारी दुकानं बंद ठेवण्याचा कायदाच आहे. स्टेशनवरचं एखादं दुकान, बेकरी आणि पेट्रोल पंप सोडला तर सगळी बाजारपेठ चिडीचूप. म्हणून माझी भाची आणि तिच्या मैत्रिणी पिशव्या काढतात, शहर बसमध्ये बसतात आणि थोड्याच वेळात फाल्स नावाच्या गावात उतरतात. फाल्स नेदरलँड्समध्ये आहे. तिथलं सुपरमार्केट रविवारीही उघडं असतं. कांदे, बटाटे, दही आणि कोथिंबिरीची कुंडी (कोथिंबीर तिथे जुडीपेक्षा कुंडीसकट जास्त विकतात) घेऊन पोरी स्वयंपाकाच्या वेळेला पुन्हा जर्मनीत हजर.

पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा सीमा कधी येते म्हणून मी खिडकीच्या काचेला नाक लावून बसले होते. नाका नाही, आडवा बांबू नाही, शिपाई नाही. पाट्यांवरची अक्षरं बदलली, गाड्यांच्या नंबरप्लेट पिवळ्या झाल्या, एवढंच. अलीकडे जर्मन पोलीस मधूनच एखादी गाडी थांबवून कागद बघतात, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवायचं. मी मिरजेची. म्हैसाळ मागे टाकून कागवाडला उतरलं की कानावरची भाषा बदलते, हे आम्हाला नवीन नाही. पण सीमाप्रश्न तापला की एसटी अलीकडेच थांबते आणि माणसं सामान डोक्यावर घेऊन चालू लागतात, हेही आम्ही पाहिलेलं. इथली सीमाही नेहमीच अशी शांत नव्हती. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्याच्या हाती पडलेलं पहिलं मोठं जर्मन शहर म्हणजे हेच आखेन. 21 ऑक्टोबर 1944 ला ते पडलं तेव्हा गल्लीगल्लीत लढाई झाली होती. त्याच सीमेवरून आता कराडची नि विट्याची मुलगी कोथिंबीर आणते. मला त्या बसमध्ये भरून आलं, ते मी मुलींना सांगितलं नाही.

फाल्सच्या वर एक टेकडी आहे. तिच्या माथ्यावर जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम एका दगडाशी एकत्र येतात. उंची 322 मीटर, आणि युरोपातल्या नेदरलँड्सचं ते सर्वांत उंच ठिकाण. रोज अजिंक्यतारा बघत वाढलेल्या साताऱ्याच्या मुलीने तिथे उभं राहून घरी फोन लावला आणि आजोबांना तीन देश एका दमात फिरवून दाखवले.

ही मुलं इथे कशी पोहोचली? शंभर वर्षांपूर्वी किर्लोस्करवाडीचे शंतनुराव किर्लोस्कर अमेरिकेतल्या एमआयटीत शिकायला गेले आणि 1926 मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परतले. तेव्हा असा विद्यार्थी साऱ्या मुलखात एखादा. आता सांगलीच्या वालचंद कॉलेजातून, कराडच्या सरकारी अभियांत्रिकी कॉलेजातून, तालुक्याच्या गावांतल्या कॉलेजांतून मुलं-मुली उठतात आणि जर्मनीची वाट धरतात. 2023-24 च्या हिवाळी सत्रात जर्मनीत जवळपास 49 हजार भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांमध्ये सर्वांत जास्त. कारण सरळ आहे. आखेनच्या तंत्र विद्यापीठासारख्या सरकारी विद्यापीठात बहुतेक अभ्यासक्रमांना शिक्षण फी नाही. सत्राला तीनेकशे युरो भरायचे, त्यातच बस-रेल्वेचा पासही येतो. मात्र व्हिसा हवा असेल तर वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो आधीच एका बंद खात्यात टाकून दाखवावे लागतात. त्यातून महिन्याला 992 युरोच काढता येतात. युरो शंभर रुपयांना धरला तरी हे बारा लाखांच्या घरात जातं. त्यासाठी कुणाच्या घरी द्राक्षबागेवर बोजा चढलेला असतो, कुणाची हळद दर येण्याची वाट न पाहता विकलेली असते. फी नाही म्हणजे फुकट, असं गावाकडे समजतात. तसं नाही.

मी जन्मभर रयत शिक्षण संस्थेच्या शाळांत शिकवलं. त्यामुळे भाचीबरोबर विद्यापीठात गेले ती कान टवकारूनच. दालन चढत्या पायऱ्यांचं, चारशे-पाचशे मुलं सहज मावतील एवढं. मास्तरांनी बोलणं संपवलं आणि एकदम बाकांवर शेकडो मुठी आपटल्यासारखा खडखडाट झाला. मला वाटलं, पोरं चिडली. भाची म्हणाली, "मावशी, इथे टाळ्या वाजवत नाहीत, बाक वाजवतात. शिकवणं आवडलं असा अर्थ." आमच्याकडे बाक वाजवणाऱ्याला मी वर्गाबाहेर काढत आले! हजेरी कुणी घेत नाही. परीक्षेला बसायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं, नाव तुम्हीच नोंदवायचं, तारीख चुकली तर कुणी आठवण करत नाही. गुण उलटे. 1.0 म्हणजे सर्वोत्तम, 4.0 म्हणजे जेमतेम पास, 5.0 म्हणजे नापास. कोरेगावच्या एका मुलाने "1.3 पडले" असं घरी कळवलं आणि वडील दोन दिवस जेवले नाहीत.

नापास झाल्यावर काय, हे मात्र हसण्यासारखं नाही. सर्वसाधारणपणे एका विषयाला तीन वेळा बसता येतं. तिसऱ्या वेळीही गेला तर तो अभ्यासक्रम संपला, आणि त्याच विषयाचं शिक्षण जर्मनीत दुसऱ्या विद्यापीठातही घेता येत नाही. एटीकेटी लावून पुढे सरकण्याची सवय असलेल्या मुलांना हे पहिल्या हिवाळ्यात कळतं. तिसऱ्या प्रयत्नाला बसणारा मुलगा मी पाहिला. तो जेवताना बोलत नव्हता आणि बाकीचे त्याच्या ताटात न विचारता वाढत होते.

एक गोष्ट मला फार आवडली. निकालानंतर ठरलेल्या दिवशी प्रत्येकाला आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघता येते. समोर तपासणारा बसलेला असतो. "इथे गुण का कापले?" असं विद्यार्थी विचारतो, आणि मुद्दा बरोबर असेल तर गुण वाढतात. कुणाचा अपमान होत नाही. आपल्याकडे ही पद्धत प्रत्येक कॉलेजात आली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. विट्याच्या मुलीने पहिल्या वेळी उत्तरपत्रिका नुसती पाहिली आणि 'थँक यू' म्हणून परत दिली. दुसऱ्या वेळी तिने वाद घातला आणि गुण मिळवले. एवढं बोलायला तिला वर्ष लागलं.

या विट्याच्या मुलीविषयी सांगितलंच पाहिजे. खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पांगली. केरळपासून बंगालपर्यंत सराफ बाजारात गलाईवाला म्हटला की बहुधा आपल्या सांगली जिल्ह्यातला. हिचे आजोबा पोरवयात तमिळ मुलखात गेले तेव्हा एक शब्द येत नव्हता. बोटांनी वजन दाखवून धंदा केला. वडील तमिळ मराठीइतकीच सहज बोलतात. ही स्वतः चौथीपर्यंत तमिळ शाळेत शिकली, मग गावी आली, मग इंग्रजी, आणि आता जर्मन. बाकीच्या मुलांना जर्मन व्याकरणाने घाम फुटतो तेव्हा ती शांत असते. मी विचारलं, परक्या मुलखात भीती वाटली नाही का? ती म्हणाली, "आमच्या घरात परमुलखात न गेलेलं माणूसच नाही. भीती वाटते ती थंडीची." परदेशी शिकणाऱ्यांच्या 'सांस्कृतिक धक्क्या'बद्दल व्याख्यानं देणाऱ्यांनी एकदा विटा-खानापूरला जाऊन यावं. तिथल्या म्हाताऱ्या बायकांना हा विषय तोंडपाठ आहे.

थंडीपेक्षा अंधार वाईट, हे मला तिथे राहून कळलं. नोव्हेंबरच्या मध्याला पावणेपाचलाच सूर्य मावळतो आणि सकाळी आठच्या आधी धड उजाडत नाही. त्यात आखेनचा पाऊस. आपल्यासारखा कोसळून मोकळा होत नाही, दिवसभर झिमझिमत राहतो. रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मिरच्या भाजल्या की छतावरचा धुराचा भोंगा किंचाळतो, म्हणून ठेचा खिडकी उघडून, थंडीत कुडकुडत करायचा. हे सगळं मुलं महिन्याभरात शिकतात. अवघड असतं ते वेगळंच. जिन्यात भेटलेला शेजारी अदबीने नमस्कार करतो आणि पुढे जातो. कुठून आलात, जेवलात का, डोळे का सुजलेत, असं कुणी विचारत नाही. गावात जे नकोसं वाटायचं, त्याच चौकशीसाठी ही पोरं तिथे आसुसतात. वाईची मुलगी मला सांगत होती, पहिल्या महिन्यात ती रोज संध्याकाळी एलिझनब्रुननपाशी जाऊन बसायची. शहराच्या मध्यभागी खांबांचा मंडप आहे, तिथे गरम गंधकाचं पाणी नळातून वाहतं. सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण तिथे म्हातारी माणसं बसलेली असतात आणि म्हातारी माणसं बोलतात.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले, तिच्याकडे येते.

विद्यार्थी व्हिसावर वर्षात 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. 2025 साली किमान मजुरी तासाला 12.82 युरो होती. नशीबवान मुलांना प्राध्यापकांच्या हाताखाली प्रयोगशाळेत काम मिळतं. बाकीचे पहाटे बेकरीत पाव लावतात, रात्री गोदामात पार्सलं उचलतात, हॉटेलात भांडी धुतात. यातलं काही मला आधी माहीत नव्हतं असं नाही. पण ऐकणं निराळं आणि बघणं निराळं.

रेठऱ्याचा एक मुलगा आहे. घरचा ऊस, दारात ट्रॅक्टर, जेवलेलं ताट आईने कधी उचलू दिलं नाही असा लाडात वाढलेला. पोंटश्ट्रासं नावाच्या, विद्यार्थ्यांनी गजबजलेल्या रस्त्यावर एका हॉटेलात तो संध्याकाळी भांडी धुतो. एकदा आम्ही त्याला घ्यायला मागच्या दाराशी गेलो. तो एप्रन घालूनच बाहेर आला, हात कोपरापर्यंत लाल. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. त्याने झटकन एप्रन सोडून भाचीच्या हातात दिला, केसांवरून हात फिरवला, फोन असा धरला की मागे नुसती जुन्या वेशीची कमान दिसावी. "होय आई, लायब्ररीतनंच आलोय. जेवलो की. बरोबर कराडच्या मावशी हायत बघ." मी मिरजेची, पण मीही हसून हात हलवला.

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "मावशी, आईला सांगू नका. रडत बसंल. आणि आबांना कळलं तर म्हणतील, एवढी जमीन असून भांडी घासायला पाठवलं होय तुला." मग जरा थांबून, "इथं कुणाला त्याचं काय नाय ओ. आमच्या प्रोफेसरांची पोरगी त्याच हॉटेलात ताटं उचलते. ते जेवायला आले की तीच त्यांना वाढते."

मला झोप लागली नाही त्या रात्री. राग कुणावर काढावा ते कळेना. सातारा जिल्ह्यातला मुलगा स्वतःच्या कष्टाने शिकतो आणि ते सातारा जिल्ह्यातल्याच घरापासून लपवतो! भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, ते गाव रेठऱ्यापासून फार लांब नाही. भाऊराव आधी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरलेले, लोखंड आणि माती दोन्ही ओळखणारे. 1924 मध्ये साताऱ्यात त्यांनी जे वसतिगृह सुरू केलं, त्यात मुलं स्वतः दळायची, स्वयंपाक करायची, भांडी घासायची, शेतात राबायची. महार, मराठा, मुसलमान, जैन एका पंगतीला. 1927 मध्ये गांधीजींनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव दिलं. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं, शेवटी मंगळसूत्रही. त्याच बोर्डिंगातून पी. जी. पाटील बाहेर पडले, बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1947 मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, ते 'कमवा आणि शिका' हे ब्रीद घेऊनच. तिथल्या मुलांनी खडी फोडून शिक्षण घेतलं आणि ते अभिमानाने सांगितलं. मी ज्यांच्या हाताखाली शिकवायला लागले त्या मुख्याध्यापकांच्या तळहातावरचे घट्टे मी पाहिलेले आहेत.

आणि दोन पिढ्यांत काय झालं? पाणी आलं, ऊस आला, कारखाने आले, आणि ताट उचलणं कमीपणाचं झालं. मुलाने हातात विळा घेऊ नये यासाठी आपण त्याला शिकवू लागलो. कष्टाची लाज न बाळगणारा समाज बघून आपली मुलं आखेनमध्ये थक्क होतात. मला नवल याचं वाटतं की ती थक्क होतात. हे त्यांच्या पणजोबांच्या अंगणात घडलेलं होतं.

युलिश नावाचं गाव आखेनहून तासाभराच्या आत येतं. दुसऱ्या एका कॉलेजची शाखा तिथे आहे आणि वाळवा तालुक्यातला एक मुलगा त्या शाखेत शिकतो. त्याने "गळीत हंगाम बघायला या" असा निरोप धाडला. मला वाटलं, गंमत करतोय. बसने गाव जवळ येऊ लागलं तसे रस्त्यावर चिखलाचे पट्टे दिसायला लागले, मग भरलेले ट्रेलर, मग आकाशात पांढऱ्या वाफेचे लोट. साखर कारखाना! बीटाचा. सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत चालतो. शेताच्या कडेला बीटाच्या लांबच लांब राशी रचलेल्या असतात. ही बीटं आपल्यासारखी तांबडी नाहीत, मातकट पांढरी आणि हाताच्या पंजाएवढी जाड. एक अवाढव्य यंत्र राशीत तोंड खुपसतं, माती झटकतं आणि बीटं ट्रकमध्ये ओततं. त्या यंत्राला तिथे 'उंदीर' म्हणतात. काढणीचं यंत्र एका वेळी सहा ओळी उपटतं आणि ते चालवायला एक माणूस. मी सवयीने टोळी शोधत होते. बीडहून आलेल्या बैलगाड्या, पाचटाच्या खोपी, थंडीत चुलीशी बसलेली ऊसतोड्यांची लेकरं. काही नाही. एक बाई उबदार केबिनमध्ये बसून दहा एकराचं शिवार मोकळं करत होती.

वाळव्याचा मुलगा आकडे सांगू लागला. बीटात साखर साधारण सोळा ते अठरा टक्के, आपल्या उसाचा उतारा बाराच्या आसपास, पण आपलं टनेज कितीतरी जास्त. बीटात साखर आहे हे बर्लिनच्या मार्ग्राफने 1747 मध्ये शोधलं, त्याच्या शिष्याने 1801 मध्ये पहिला कारखाना उभारला, आणि नेपोलियनने इंग्रजांचा समुद्री व्यापार अडवल्यावर वसाहतींतली उसाची साखर मिळेना म्हणून हे पीक युरोपभर पसरलं. म्हणजे आमच्या उसाला टाळण्यासाठी यांनी बीट लावलं! मुलगा हे सांगताना कारखान्याच्या वासाने मोठमोठे श्वास घेत होता. मला त्यात काकवीचा गोडवा लागला नाही, उकडलेल्या कंदासारखा मातट वास आला. त्याला मात्र घरचा वाटत होता. पहिल्या वर्षी खोलीत करमेना झालं की तो इथे येऊन ट्रेलर मोजत उभा राहायचा, असं त्याने सांगितलं.

परतताना चौकातल्या बँकेवर 'राइफआयझन' नाव दिसलं. ते नाव मला पुस्तकातून ठाऊक होतं. ऱ्हाइनच्या पलीकडच्या डोंगराळ मुलखातल्या एका गावच्या या बर्गोमास्तराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सावकाराच्या विळख्यातल्या शेतकऱ्यांच्या पतपेढ्या काढल्या. त्याच नमुन्यावर इंग्रज सरकारने 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आपल्याकडे आणला. त्या कायद्याच्या मुळावर पुढे सोसायट्या उभ्या राहिल्या, जिल्हा बँका झाल्या, वसंतदादांनी आणि यशवंतरावांच्या पिढीने कारखाने वाढवले. वाळव्याच्या मुलाचं शैक्षणिक कर्ज सहकारी बँकेचंच आहे. जिथून ही कल्पना निघाली त्या मुलखात तो तिच्याच पैशावर शिकतोय. आम्ही दोघं त्या पाटीखाली पावसात उभे राहिलो आणि मी त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "शाळेत हे सहकाराच्या धड्यात का नव्हतं, बाई?" तोपर्यंत तो मला मावशी म्हणत होता.

शेवटचा प्रवास बॉनचा. तो मसूरच्या मुलाने घडवला. हा मुलगा राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर आलाय. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी वर्षाला 75 जागा असतात, त्यातली एक त्याने मिळवली. घरातला कॉलेजात गेलेला तो पहिलाच. आखेनहून कोलोन, कोलोनहून बॉन, असा दोनेक तासांचा रेल्वेचा रस्ता. बोलता बोलता तो म्हणाला, "इथे आडनाव सांगितल्यावर समोरचा थांबत नाही. पहिल्या दिवशी ऑफिसातल्या बाईने माझं आडनाव तीनदा विचारलं. मला घाम फुटला. तिला फक्त स्पेलिंग पाहिजे होतं." मग बराच वेळ खिडकीबाहेर बघून, "पण आपल्या मराठी पोरांत गेलो की पहिलं गाव विचारतात, मग आडनाव. मग थांबतात." खोली शोधताना परदेशी नाव बघून जर्मन घरमालक उत्तर देत नाहीत, हेही त्याने सांगितलं. तिथल्या समाजाला तो देवघरात बसवत नव्हता.

बॉनचं विद्यापीठ पिवळ्या भिंतींच्या जुन्या राजवाड्यात आहे. समोर हिरवळीचं मोठं मैदान. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये शिकत असताना बाबासाहेब आंबेडकरांनी या विद्यापीठात नाव नोंदवलं होतं. थोडाच काळ ते संबंध राहिले. ज्या मुलाचं नाव 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, पटावर चढलं, तो वीसेक वर्षांत न्यूयॉर्क, लंडन आणि बॉनपर्यंत आला. साताऱ्यात 7 नोव्हेंबरला मुलं त्या शाळेच्या आवारात जमतात. राज्यभर तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

मसूरच्या मुलाला दुसरंच काही सांगायचं होतं. बाबासाहेबांनी लहानपणीच्या एका प्रवासाची हकिगत लिहून ठेवली आहे. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीला. त्यांना भेटायला घरातली मुलं साताऱ्याहून निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. नवे कपडे, डोक्यावर टोप्या. घ्यायला कुणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, मुलांनी जात सांगितली आणि तो मागे सरला. एकही गाडीवान त्यांना घेईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. डबा होता, पण प्यायला पाणी कुणी दिलं नाही. मुलं उपाशी झोपली.

"मी रोज त्या स्टेशनवरून कराडला कॉलेजला गेलो," मुलगा म्हणाला. "रोज. तिथे कुणीच मला कधी हे सांगितलं नाही. इथे आल्यावर वाचलं." मी तीस वर्षं त्याच जिल्ह्यात शिकवलं होतं. त्याच्याकडे बघून मला एवढंच सुचलं की, चल, या मैदानावर बसून जेवू. डब्यात चपात्या आणि फाल्सच्या कांद्याचं पिठलं होतं. शेजारच्या घोळक्यातल्या मुलीने आमच्याकडे बघून आपल्या भाषेत 'सुखाने जेवा' म्हटलं, तशी तिथे पद्धत आहे. तो जेवला आणि मग भराभरा बोलायला लागला. त्याला पाण्याच्या शुद्धीकरणावर संशोधन करायचंय. परत यायचंय की नाही ते त्याने ठरवलेलं नाही. आलो तर सातारा जिल्ह्यातच काम करीन, म्हणाला, माण-खटावकडे.

निघायच्या आदल्या दिवशी रेठऱ्याचा मुलगा मला भेटायला आला. स्वतः कमावलेल्या पैशातून आईसाठी लोकरीची शाल आणि आखेनची मसाल्याची बिस्किटं आणली होती. म्हणाला, "तुम्ही सांगा आईला. मला जमायचं नाय. पण नीट सांगा."

गावी आल्यावर मी पहिली रेठऱ्याला गेले. तोडणीचे दिवस, घरात माणसांची ये-जा. आईला माजघरात नेलं आणि सगळं सांगितलं. हॉटेल, भांडी, तासाचा दर, प्रोफेसरांची मुलगी, सगळं. ती शालीची घडी हातात धरून ऐकत होती. मला वाटलं, आता रडेल.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "फोनात हात बघितलं न्हवं का मी त्याचं. सगळी बोटं उललेली. लायब्ररीत बसून बोटं उलत्यात व्हय?" मग उठली, फडताळातून कोकमतेलाचे दोन गोळे काढले आणि कागदात गुंडाळून माझ्यापुढे ठेवले. "पुढल्या महिन्यात कोण जाणार असंल तिकडं, त्याच्यासंगं धाडा. रात्री चोळून झोप म्हणावं. आणि ह्यांना इतक्यात बोलू नका. उसाचं बिल जमा झालं की मी सांगते."